लेबलवरचा डावा हात

मी एक जुनी लोकरकात्री आहे. कागद कापायच्या कात्रीशी माझे नाते आहे खरे, पण मित्रांनो, मी तिच्यासारखी दिसत नाही. मला मधोमध खिळा नाही आणि बोटे घालायला कड्याही नाहीत. माझी दोन रुंद पाती मागच्या बाजूला एका वाकवलेल्या पट्टीने जोडलेली आहेत. मूठ आवळली की ती मिटतात, मूठ सैल सोडली की आपोआप उघडतात. मला पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास म्हणतो, "केवढा मोठा चिमटा!" मी ते मनाला लावून घेत नाही.

माझा जन्म एका लोहाराच्या भट्टीत झाला. मोडीत निघालेल्या ट्रकच्या स्प्रिंगचा एक पाटा त्याच्याकडे पडून होता. तो तापवून, ठोकून त्याने मला घडवले. लोहार मोठा बडबड्या होता. मला घ्यायला आलेल्या तरुण मुलीला तो म्हणाला, "आयुष्यभर सरळ कात्र्या केल्या. तू डावखुरी, म्हणून ही उलटी केलीय. चुकली तर मला उलटं टांगू नकोस म्हणजे झालं."

तो चुकला नव्हता. मुलीने मला डाव्या हातात धरले, दोनदा मूठ आवळली आणि हसली. तोवर ती वडिलांच्या कात्रीने काम करत होती. ती कात्री उजव्या हाताची, त्यामुळे तिच्या तळहातावर फोडांवर फोड आले होते. त्या दिवसापासून तिच्या हातावर नवा फोड आला नाही, हे मी अभिमानाने सांगते.

पुढे तिच्या भावाची मुलगी तिच्याकडेच वाढली. ती तिला आत्या म्हणायची. तिचे ऐकून, ती जिथे काम करायची त्या मेंढ्यांच्या आवारातले सगळेच आत्या म्हणू लागले, तिच्याहून वयाने मोठी असलेली माणसेसुद्धा. मीही आत्याच म्हणते.

आत्याचे काम पाहण्यासारखे असे. ती मेंढीला बसती करून तिची पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवायची. पाय जमिनीला लागले नाहीत की मेंढी धडपडत नाही. मग आधी पोट, मग मांड्या, मग एक कूस, पाठीवरून दुसरी कूस. मी कातडीला लागून अलगद सरकत जायचे आणि लोकर अंगरख्यासारखी एका सलग तुकड्यात उतरायची. आत्याचे तोंड सारखे चालू असायचे. "हं, झालंच बघ. आता मान. मान वर कर, राणी. असं काय करतेस, वर्षातून एकदाच तर भेटतो आपण!" मेंढीला त्यातले काय कळायचे कोण जाणे, पण तिचा श्वास संथ व्हायचा. तो मला पात्यांमधून जाणवायचा.

लोकरीत मेंढीच्या अंगचे तेल असते. त्याने आत्याचे हात मऊ राहायचे आणि मला गंज चढायचा नाही. त्या दिवसांत मला वेगळे तेल कधी लागलेच नाही. कुठे चुकून कातडी कापली गेलीच, तर आत्या तिथेच थांबून काळे मलम लावायची, मगच पुढे जायची. आवाराचा म्हातारा मालक कुंपणाला रेलून बघत असे. तो फारसे कुणाचे कौतुक करणारा नव्हता. एकदा मात्र म्हणाला, "आत्या, बाकीच्यांच्या हातून सुटलेली मेंढी पळत सुटते. तुझ्या हातून सुटलेली चालत जाते."

तेवढे कौतुक मला आणि आत्याला पुष्कळ वर्षे पुरले.

मग मालक थकला. त्याच्या मुलांना मेंढ्यांचा वास सहन होत नव्हता. त्याने आवार एका लोकरी कपड्यांच्या कंपनीला विकले. रस्त्याच्या पलीकडे कंपनीचा कारखाना होता. तिथे सूत निघायचे, विणकाम व्हायचे आणि शिलाईच्या हॉलमध्ये स्वेटर तयार व्हायचे. भाची मोठी झाल्यावर त्याच हॉलमध्ये कामाला लागली. प्रत्येक स्वेटरच्या गळ्याशी लेबल लावणे हे तिचे काम.

आवारात विजेवर चालणारी कातरणीची यंत्रे आली. तुळईला टांगलेली, घोंघावणारी. मित्रांनो, मी यंत्राला नावे ठेवणार नाही. चांगल्या हातात ते चांगलेच चालते आणि आत्यासुद्धा ते पटकन शिकली. तिने मला दाराजवळच्या खिळ्याला अडकवले तेव्हा मला वाईट वाटले, पण राग आला नाही.

राग आला तो घाईचा. कंपनीने मजुरी दिवसावर न ठेवता मेंढीमागे ठेवली. जेवढ्या मेंढ्या जास्त, तेवढी मजुरी जास्त. मुकादम पाठीमागून ओरडत फिरायचा, "उचला, उचला! पुढची घ्या!" मेंढीच्या गळ्याशी आणि काखेत कातडीच्या घड्या असतात. तिथे हात हळू न्यावा लागतो. हळू कोण नेणार? कापायचे. मलमाची बाटली संपली, ती कुणी भरून आणली नाही. आणायला पाठवायचे म्हणजे एक माणूस तेवढा वेळ रिकामा!

काही वर्षांत आत्याचा खांदा गेला. हात वर होईना, म्हणून तिला लोकर निवडायच्या टेबलावर बसवले. रक्त लागलेली लोकर ती बाजूला काढायची. पूर्वी तो ढीग मुठीएवढा असे. आता त्याचे पोते भरायचे. खिळ्यावरून मला ते टेबल समोरच दिसे. आत्या पोते बांधायची आणि ब्र न काढता पुढची लोकर ओढायची. माझ्यावर गंजाचा थर चढत होता आणि आत्याच्या बोलण्यावरही काहीतरी चढत होते. ती मेंढ्यांशी बोलायची बंद झाली होती. टेबलावरच्या लोकरीशी काय बोलणार?

अशात एके दिवशी फोटोग्राफर आला. कंपनीने त्याला लेबलासाठी फोटो काढायला पाठवले होते. त्याने यंत्रांकडे पाहून नाक मुरडले, पोत्यांकडे पाहिले, आणि मग त्याची नजर माझ्यावर पडली. "अहाहा!" तो म्हणाला. "हीच हवी होती मला!"

आत्याला बोलावले. तिने विटेच्या भुकटीने मला घासले, तेल लावले. एक गरीब स्वभावाची म्हातारी मेंढी आणली. फोटोग्राफरने आत्याला खिडकीपाशी, उजेडात बसवले. "आत्या, कात्री उजव्या हातात धरा ना. छान दिसेल."

"उजव्या हातानं मला जेवता येतं," आत्या म्हणाली, "मेंढी कातरता येत नाही."

त्याने डाव्या हाताचेच फोटो काढले. बऱ्याच वर्षांनी मला मेंढीचा श्वास जाणवला. फोटो झाल्यावर आत्याने मला पुन्हा खिळ्याला अडकवले आणि टेबलाकडे गेली.

पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला, दुपारच्या सुट्टीत भाची रस्ता ओलांडून धावतच आली. तिच्या हातात पुठ्ठ्याचे नवे लेबल होते. "आत्या, बघ तरी! तू आहेस!"

कातरणारे, निवडणाऱ्या बाया, सगळे गोळा झाले. लेबलावर आत्याचा सुरकुतलेला डावा हात होता आणि त्या हातात मी होते. माझे पाते असे चमकत होते, की मी फुशारून गेले. आत्यालाही आनंद झाला. तिने लेबल लांब धरून पाहिले, जवळ धरून पाहिले. "खाली काय लिहिलंय? अक्षर बारीक आहे."

भाचीने वाचले, "आमच्या मेंढ्यांची लोकर आजही अशीच निघते. प्रत्येक मेंढी, हाताच्या कात्रीने, मायेने."

"परत वाच."

भाचीने परत वाचले.

"प्रत्येक म्हणजे?"

"प्रत्येक म्हणजे प्रत्येक, आत्या. असंच लिहितात गं लेबलावर. कोण वाचतं?"

"मग हे माझं नाही," आत्या म्हणाली.

"अगं, फोटो तुझाच आहे!"

"फोटो माझा आहे. वाक्य माझं नाही." तिने लेबल परत दिले आणि टेबलाशी जाऊन बसली. गोळा झालेली माणसे एकेक करून पांगली.

ते लेबल लावलेले स्वेटर मात्र धडाधड खपले. कारखान्यात जास्तीची पाळी सुरू झाली. शिलाईच्या हॉलमधल्या बाया खूश होत्या आणि त्यांचे खूश होणे खोटे नव्हते. कुणाच्या घराला नवे छप्पर आले, कुणाच्या मुलाची शाळा सुटता सुटता राहिली.

मग बातमी आली, की ज्या दुकानांत हे स्वेटर विकले जातात, त्यांची मुख्य खरेदीदार बाई आवार बघायला येणार आहे. मॅनेजरसाहेब स्वतः आत्याला भेटायला आले. एक मेंढी कातरून दाखवायची, एवढेच काम. जाता जाता ते म्हणाले, की लेबलाच्या टेबलावर कुणाला प्रमुख नेमायचे याचा विचार चालू आहे आणि भाचीचे नाव पुढे आहे.

"आत्या, माझ्यासाठी कर," भाची म्हणाली. "एकच तर मेंढी."

"मी कातरीन," आत्या म्हणाली. "पण बोलणार काही नाही."

"तुला बोलायला सांगतंय कोण? साहेब बोलतील."

बाई येण्याच्या आदल्या दिवशी यंत्रांवर ताडपत्री टाकली गेली. जखमा झालेल्या मेंढ्यांना मागच्या कोंडवाड्यात हाकलले. जमिनीवर नवा पेंढा पसरला. मुकादम गोड आवाजात बोलायचा सराव करत होता आणि त्याला ते मुळीच जमत नव्हते.

बाई आली. साधी होती, पायात चिखलाचे बूट घालूनच आली होती. आत्याने मेंढी बसती केली, पाठ गुडघ्यांना टेकवली आणि मूठ आवळली. मित्रांनो, आत्याचा खांदा दुखत होता. प्रत्येक वेळी पाठीवरून वळताना ती मला किंचित उशिरा मिटवायची. ते फक्त मला कळत होते. तरी लोकर एका सलग तुकड्यात उतरली, कुठे ओरखडासुद्धा नाही. मेंढी उठली आणि चालत गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पूर्वी काम झाले की आत्या मान वर करून सगळ्यांकडे एकदा बघायची, जणू म्हणायची, कसं काय? आज तिने मान वर केली नाही. ती ॲप्रनला मला पुसत बसली, पुसायचे काही राहिले नव्हते तरी.

बाई तिच्यासमोर उकिडवी बसली. "आमच्या दुकानात एक लहान मुलगी आजोबांबरोबर आली होती. तिनं लेबल वाचलं आणि मला विचारलं, या एकट्या आजी सगळ्या मेंढ्या कातरतात का? त्यांचा हात नाही दुखत? मला उत्तर देता येईना. म्हणून म्हटलं, जाऊनच यावं. दुखतो का हो हात?"

आत्याने शब्द दिला होता. ती गप्प राहिली.

"छे, छे!" मॅनेजरसाहेब म्हणाले. "सवय असते त्यांना. आणि अशा बऱ्याच जणी आहेत आमच्याकडे."

"मग सगळ्या मेंढ्या अशाच कातरल्या जातात?"

"सगळ्या. अगदी प्रत्येक."

भाची मागे उभी होती. बाईला दाखवायला आणलेले स्वेटर तिच्या हातांवर होते, लेबले वर काढून ठेवलेली. ती साहेबांकडे बघत नव्हती. ती आत्याच्या वाकलेल्या मानेकडे बघत होती.

"नाही," ती म्हणाली.

साहेब हसले. "तिला असं म्हणायचंय, की..."

"मला नाहीच म्हणायचंय." भाची म्हणाली. "हात दुखतो. खांदा वर होत नाही. म्हणून तिला टेबलावर बसवलंय. ही कात्री फोटोला निघाली आणि आज निघाली. लेबलं मी लावते. रोज मीच लावते."

"अगं..." आत्या म्हणाली आणि थांबली. मग मला हातात तशीच धरून उठली आणि भाचीच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

ताडपत्री निघाली. मागचा कोंडवाडा उघडला. बाईने एका मेंढीच्या पोटाखाली वाकून पाहिले आणि बराच वेळ ती वाकलेलीच राहिली. कातरणारे खाली माना घालून उभे होते. त्यांच्यातला एक जण शेवटी म्हणाला, "बाई, आम्ही काही कसाई नाही. वेळ द्या, आम्हीही नीट कातरू."

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर सगळ्यांना बरे वाटले असते. तसे झाले नाही. बाईने खरेदी थांबवली. जास्तीची पाळी बंद झाली, मग नेहमीच्या कामातही कपात झाली. साहेबांनी आत्याला सांगितले, "ती कात्री घेऊन जा इथून. नजरेसमोर नको." म्हणून मी आत्याच्या स्वयंपाकघरात, फळीवर आले. भाचीला लेबलाच्या टेबलावरून काढून वाफेच्या इस्त्रीवर पाठवले आणि काही आठवड्यांनी सांगितले, की बोलावू तेव्हा ये. हॉलमधल्या बाया तिच्याशी बोलेनाशा झाल्या. त्यांच्यातली एक जाडजूड, मोठ्या आवाजाची बाई होती, तिला सगळे घंटा म्हणायचे. ती दारात येऊन म्हणाली, "तू खरं बोललीस. आणि आमच्या पोटावर पाय आला."

ती गेल्यावर भाची रडली. "आत्या, चुकलं का माझं?"

आत्या भांडी घासत होती. ती हात न थांबवता म्हणाली, "मला काय विचारतेस? मी तर गप्प बसले. तुझ्यासाठी बसले असं म्हणायला सोपं आहे गं. पण भीती माझीही होतीच." मग तिने हात धुतले आणि भाचीच्या डोक्यावरून फिरवले. ओला हात होता. भाचीने तो तसाच राहू दिला.

तो हिवाळा कठीण गेला. चूल दोनदा पेटायची ती एकदाच पेटू लागली. कारखान्यातल्या काही बाया दुसरीकडे कामाला गेल्या आणि परत आल्या नाहीत.

कातरणीचा हंगाम जवळ आला तेव्हा खरेदीदार बाई पुन्हा आली. तिने तीन-चार गोष्टी मागितल्या. मजुरी मेंढीमागे नको, दिवसाची द्या. मलमाची बाटली कधी रिकामी दिसता कामा नये. मागच्या कोंडवाड्याला कुलूप नको, कुणीही यावे आणि बघावे. आणि लेबलावर खरे लिहा. कंपनीचा माल पडून होता, त्यामुळे मॅनेजरसाहेबांनी मान हलवली. चेहरा मात्र कडू औषध घेतल्यासारखा होता.

लेबलावर काय लिहायचे हे ठरवायला लोकर निवडायच्या टेबलाभोवती सगळे जमले. भाचीला बोलावणे आले. आत्या मला पिशवीत घालून बरोबर घेऊन गेली, म्हणून मी ते सगळे ऐकले. भाचीने लिहिले, "यंत्राने, सावकाश कातरलेली लोकर." कातरणारे म्हणाले, "ठीक आहे." तेवढ्यात घंटा म्हणाली, "आणि कापतं ते?"

"आता कमी कापेल," कुणीतरी म्हणाले.

"कमी म्हणजे कापेलच ना? मग लिही, कधी कधी कापतं."

"असं लिहिल्यावर घेईल कोण?"

"जो घेईल तो घेईल. परत आणून तोंडावर तरी मारणार नाही. मला पुन्हा तसला हिवाळा नको."

सगळे हसले, आणि भाचीने तसेच लिहिले. लेबल आजही तेच आहे. "ही लोकर यंत्राने कातरलेली आहे. आम्ही घाई करत नाही. तरी कधी कधी मेंढीला कापतं. मग थांबून मलम लावतो. येऊन बघा." खाली आवाराचा पत्ता. त्यावर माझा फोटो नाही. खोटे कशाला बोलू, मला थोडे वाईट वाटले.

ते स्वेटर पूर्वीइतके खपले नाहीत, अजूनही खपत नाहीत. पण खपतात. भाची लेबलाच्या टेबलावर परतली, प्रमुख म्हणून नव्हे, पूर्वीसारखीच. आत्या नव्या कातरणाऱ्यांना मेंढी गुडघ्यांत कशी धरायची ते शिकवते. ज्या मेंढ्या पोटुशा असतात किंवा यंत्राच्या आवाजाला बिचकतात, त्यांच्यासाठी मी आहे. थोड्याच असतात. आत्या एक कातरते, विसावा घेते, मग दुसरी घेते. तिचे तोंड पुन्हा सारखे चालू असते.

पुष्कळ दिवस बघायला कुणी आले नाही. मग गेल्या हंगामात एक जोडपे आले. दोघेही उतारवयाचे, अंगात आमचेच स्वेटर. नेमके त्याच वेळी एका कातरणाऱ्याच्या हातून मेंढीच्या मानेला कापले. रक्त आले. मुकादम घाईघाईने मध्ये आडवा उभा राहिला. जुनी सवय! पण कातरणाऱ्यानेच त्याला बाजूला सारले आणि म्हणाला, "या, बघा. आत्ताच कापलंय माझ्या हातून. मलम लावतोय."

पाहुणी पांढरीफटक पडली. एक पाऊल मागे गेली. मला वाटले, ही आता पाठ फिरवणार. पण ती पुढे आली, गुडघ्यांवर बसली आणि मेंढीचे डोके दोन्ही हातांनी धरून राहिली, मलम लावून होईपर्यंत. तिच्या स्वेटरच्या बाहीला थोडे रक्त लागले. आत्या म्हणाली, "गार पाण्यानं धुवा, निघेल." त्यावर दोघी हसल्या.

मित्रांनो, तुमच्या अंगावरच्या गरम कपड्यात एका मेंढीचे वर्षभराचे वाढणे आणि कितीतरी हात असतात. तो जपून वापरा. कोपर फाटला तर रफू करा, लगेच टाकू नका. नवा घेताना ही लोकर कुणी आणि कशी काढली, ते विचारा. दुकानदार कदाचित वैतागेल, तरी विचारा. आणि कुणी तुम्हाला खरे उत्तर दिले, त्यात थोडे रक्त असले, थोडी चूक असली, तर म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवू नका. खोटे सांगणाऱ्याचा माल सुंदरच दिसतो. खरे सांगणाऱ्याला मात्र मलम लावून होईपर्यंत मेंढीचे डोके धरणारे कुणीतरी लागते.